नॉयफेल्डच्या मेळ्यातला खालचा सूर

मिनेसोटातल्या ईडन प्रेरीच्या मराठी मंडळात चंद्रशेखर मोडक यांना कुणी गायक म्हटलं नसतं, आणि त्यांनी कुणाला म्हणूही दिलं नसतं. ते पेटीवाले. सगळी नोकरी हायड्रॉलिक पंप बनवणाऱ्या कंपनीत इंजिनियर म्हणून झाली. पण मंडळात त्यांची ओळख एकच. गाणाऱ्याच्या डाव्या हाताला बसलेले, मान किंचित तिरकी केलेले, गाणाऱ्याच्या ओठांवर नजर लावलेले काका. गाणारा आता कुठल्या सुरावर जाणार हे त्याच्याआधी काकांच्या बोटांना कळतं, असं लोक म्हणत. कुणी भलतीकडे गेलाच, तर काका त्याच्याबरोबर तिथं जात आणि त्याला इतक्या बेमालूमपणे परत आणत की ऐकणाऱ्याला वाटावं, ही जागा मुद्दाम घेतली होती.

"चांगला साथीदार म्हणजे सावली," काका म्हणत. "सावलीला स्वतःचं मत नसतं."

"हो ना, मत सगळं घरी वापरायला ठेवलेलं असतं," वसुधाकाकू म्हणत.

वसुधाकाकू पॅथॉलॉजिस्ट. त्या आता निवृत्त झाल्या होत्या, पण सूक्ष्मदर्शकातून बघायची त्यांची सवय गेली नव्हती. ज्या विवेक देसायांची साथ काकांनी पंचवीस वर्षं केली, ते गेल्या वर्षी मुलीकडे टेक्ससमधल्या अर्विंगला राहायला गेले, तेव्हा आपल्या नवऱ्याचं नेमकं काय बिघडलं आहे हे त्यांना त्याच्याआधी कळलं. विवेकरावांचे फोन येत. "अरे, इथे बर्फ नाही यार! आणि मिसळ दहा मिनिटांवर!" काका हसत, फोन ठेवत आणि गॅरेज आवरायला जात. एकाच उन्हाळ्यात गॅरेज तीनदा आवरून झालं. पेटी मात्र कुणी उघडली नाही. मंडळातली नवी मुलं गोड गात, पण फोनवरच्या ट्रॅकबरोबर. गाणाऱ्याच्या डाव्या हाताला आता एक काळा स्पीकर बसे.

म्हणून एका रविवारी काकू त्यांना जवळच्या चर्चमध्ये ऑर्गन ऐकायला घेऊन गेल्या. "फुकट आहे, एसी आहे, आणि तुमच्या पेटीचाच आजोबा आहे तो. चला."

चर्चमध्ये शे-दीडशे माणसं अगदी स्तब्ध बसली होती. वाजवणाऱ्या बाई वर सज्जात, दिसतही नव्हत्या. त्या तीनशे वर्षांपूर्वीचं जर्मन संगीत वाजवत होत्या. बाखचं, आणि बाखच्या आधीच्या लोकांचं. काकांना पहिली दहा मिनिटं काही उमगलं नाही. मग एक छोटीशी चाल आली, अगदी मुखड्यासारखी. ती संपते न संपते तोच दुसऱ्या आवाजानं तीच चाल उचलली, मग तिसऱ्यानं. आणि पहिला आवाज गप्प न बसता आपलं वेगळंच काही बोलत राहिला. काका पुढे सरकून बसले. तीन आवाजांची गुंतागुंत वाढत गेली, आता हे निस्तरणार कसं असं वाटायला लागलं, आणि त्या क्षणी बाईंनी तीच चाल पायांनी वाजवली. खालचे अजस्र स्वर, बाकांसकट सगळी इमारत थरथरली, आणि सगळं आपापल्या जागी येऊन बसलं.

"व्वा! क्या बात है!" काका ओरडले आणि त्यांचा हात मांडीवर आपटला.

शे-दीडशे माना वळल्या. काकूंनी पर्समधून चष्मा काढून पुसायला घेतला. त्यांचा दुसरा चष्मा नाकावरच होता.

कार्यक्रम संपल्यावर ते दोघं बाजूच्या दारानं सटकत होते, तोच पाठीमागून हाक आली. पांढरे आखूड केस, सपाट बूट, हातात पाण्याची बाटली. ऑर्गनवाल्या बाई स्वतः जिना उतरून आल्या होत्या. त्यांचं नाव मार्लिस ब्रांट.

"मध्येच ओरडलं ते कोण?"

"मी," काका म्हणाले. "फार चूक झाली. आमच्याकडे अशी दाद देतात. तोंडातून गेलं."

"मी आयुष्यभर ती जागा वाजवतेय," मार्लिसबाई म्हणाल्या. "चाल पायात येते तिथं. लोक नंतर येऊन सांगतात की खिडक्या फार सुंदर आहेत." मग त्यांनी काकांकडे नीट पाहिलं. "तुम्ही खालच्या सुरात बोलता. बेस. नॉयफेल्डला माझा पुरुषांचा गायनमेळा आहे. दर गुरुवारी. बेस कमी आहेत. दोघं गेले आणि एक फ्लोरिडाला गेला. या."

"मी गात नाही," काका म्हणाले.

"तिथंही बरेच जण गात नाहीत," मार्लिसबाई म्हणाल्या.

नॉयफेल्ड हे मिनेसोटा नदीच्या खोऱ्यातलं छोटं गाव, मोडकांच्या घरापासून सव्वा तासावर, दोन्ही बाजूंना मक्याची आणि सोयाबीनची शेतं. पणजोबा-खापरपणजोबा जर्मनीहून आले, त्यांनी आधी चर्च बांधलं, मग बियरची भट्टी, मग गाण्याचा हॉल. नातवंडांना आता जर्मन येत नाही, पण गाणी येतात. हे काकांना ओळखीचं वाटलं. त्यांची नात अनया आरती अख्खी म्हणे आणि मग विचारी, "आजोबा, व्हॉट डज इट मीन?"

हॉलमध्ये त्यांना डेल नावाच्या माणसाशेजारी जागा मिळाली. डेल साठ गाईंचा गोठा चालवून थकलेला, आता गोठा मुलाच्या हवाली केलेला. हात एवढे मोठे की त्यात गाण्याचा कागद बसच्या तिकिटासारखा दिसे. मेळ्यात तो बेस गाई आणि शनिवारी नाचाच्या बॅंडमध्ये कॉन्सर्टिना वाजवी. पहिल्याच गुरुवारी त्यानं ती मांडीवर घेऊन दाखवली. चौकोनी, मध्ये भाता, दोन्हीकडे बटणं. एकच बटण भाता दाबताना एक सूर देई आणि ओढताना दुसरा.

"म्हणजे श्वासागणिक सूर बदलतो?" काका चकित झाले. "आणि आत पितळी पट्ट्याच ना? माझ्या पेटीत जर्मन सूर आहेत. आमच्याकडे जुन्या पेटीची तीच प्रतिष्ठा. विकणारा आधी सांगतो, सूर जर्मन आहेत."

"भारतात?" डेल म्हणाला. "आमची माणसं तिथंही पोचली?"

"माणसं नाही. नुसता आवाज."

डेलला हे फार आवडलं. त्यानं बायकोला फोन करून सांगितलं.

त्या हॉलमध्ये काकांना कळलं की 'जर्मन संगीत' ही एक वस्तू नव्हे. मार्लिसबाईंचं ते चर्चमधलं, गणितासारखं रचलेलं; तिथं टाळी शेवटी, आणि तीही बेतानं. डेलचं ते पोल्का आणि वॉल्ट्झ, शेतावरच्या माणसांनी पायांसाठी केलेलं. तिथं कुणी नुसतं बसून ऐकलं तर वाजवणाऱ्याला वाटतं, आपलं काही चुकलं. आणि वसुधाकाकूंना सापडलं तिसरंच. डेलच्या बायकोनं त्यांना श्लागरची सीडी दिली. श्लागर म्हणजे जर्मनीतली रेडिओवरची लोकप्रिय गाणी. समुद्र, चांदणं, तू गेलीस, तू परत ये. मार्लिसबाई त्या गाण्यांचं नाव निघालं की खिडकीबाहेर बघत. काकूंनी मात्र सीडी गाडीतून बाहेर काढलीच नाही.

"शब्द कळत नाहीत ना तुला," काका म्हणत.

"कळायला काय पाहिजे? तो रडतोय, पण ठेक्यात रडतोय. मला असं नीटनेटकं दुःख आवडतं."

मेळ्यात मुख्य तयारी चालली होती ती एका लोकगीताची. हत्यारांची पिशवी खांद्याला लावून परगावी काम शिकायला निघालेला तरुण कारागीर, वेशीपर्यंत सोडायला आलेली मुलगी, परत येईन असं वचन, तीन कडवी. चार आवाजांत बांधलेलं. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी गावाचा सुगीचा उत्सव असे, तिथं मेळ्यानं ते म्हणायचं होतं. काकांनी जर्मन शब्द देवनागरीत उतरवून घेतले आणि प्रत्येकाच्या डोक्यावर सा-रे-ग लिहिलं. डेलनं कागद पाहिला.

"हे मूळचं हस्तलिखित का?" त्यानं गंभीरपणे विचारलं.

पण खरी अडचण शब्दांची नव्हती. मुख्य चाल वरच्या आवाजाकडे होती. बेसना मिळालं होतं ते सा, प, सा, प, मध्ये एखादा मध्यम. पहिल्या रात्री काकांनी ते पाहिलं आणि त्यांना वाटलं, हे काय गाणं? हा तर विहिरीचा रहाट. गाणं सुरू झालं. दोन ओळी त्यांनी रहाट ओढला. तिसऱ्या ओळीला वरच्या आवाजांनी चाल अशी काही सुरेख वळवली की काकांची मान आपोआप तिरकी झाली, आणि काका गेले त्यांच्यामागे. अगदी सुरात, अगदी बरोबर, मुख्य चाल. फक्त एक सप्तक खाली.

मार्लिसबाईंनी हात थांबवला. "तळघरात मुख्य चाल कोण म्हणतंय?"

डेलनं छताकडे पाहिलं. इतर बेसनीही पाहिलं.

पुन्हा म्हटलं. काका पुन्हा गेले. त्याच्या पुढच्या गुरुवारी तर आणखीच वाईट झालं. काकांचा सूर इतका पक्का आणि जाणं इतकं ठाम, की बेसची अख्खी रांग त्यांच्यामागे वर निघाली, मेंढरामागे मेंढरं जावीत तशी. चार आवाजांचं गाणं एका आवाजाचं झालं.

"सुंदर," मार्लिसबाई म्हणाल्या. "हे गाणं अशाच पद्धतीनं म्हणायचं असतं तर मी बाकीच्या तीन आवाजांना घरी पाठवलं असतं."

सप्टेंबर अर्धा झाल्यावर त्यांनी काकांना बाजूला घेतलं. "चंद्रा, तुमच्यासारखा कान या खोलीत कुणाचाच नाही. तीच अडचण आहे. शेवटच्या तालमीत बघू. नाही जमलं तर उत्सवात तुम्ही पुढच्या रांगेत, ऐकणाऱ्यांत बसा. तिथंही मला तुमची गरज आहे."

बाई मनापासून बोलत होत्या, म्हणून ते जास्त लागलं. परत येताना गाडीत काकूंनी श्लागर बंद केलं, यावरून परिस्थिती ओळखावी.

अनया शाळेच्या कॉयरमध्ये दुसरा आवाज गाई. ती मदतीला आली. तिनं फोनवर बेसची ओळ रेकॉर्ड करून दिली. "आजोबा, यू आर नॉट सपोज्ड टू मॅच देम. बी डिफरंट!"

"अगं, शेजारचा एक गातोय आणि आपण भलतंच, याला आमच्याकडे भांडण म्हणतात."

"इट्स कॉल्ड हार्मनी."

"तुमच्या घरी म्हणत असतील."

एका कानात कापूस घालून झालं. भिंतीकडे तोंड करून झालं. एकटे असले की काका बेसची ओळ झोपेतही म्हणत. दुसरा सूर कानावर पडला की संपलं. शेवटच्या तालमीच्या दोन दिवस आधी काकू पोळ्या लाटता लाटता मुख्य चाल गुणगुणायला लागल्या. दर गुरुवारी तालमीत ऐकून ऐकून ती त्यांना पाठ झाली होती. काका टेबलाशी बसून आपली ओळ म्हणू लागले, आणि अर्ध्या कडव्यात काकूंच्या चालीवर जाऊन बसले.

"आलात?" काकूंनी लाटणं थांबवलं. "या, बसा. पोळी वाढू?"

"थट्टा करू नकोस. आयुष्य गेलं लोकांच्या मागे जाण्यात. आता सांगतात, जाऊ नका. हे जमणार नाही मला. मी गुरुवारी सांगून टाकतो."

"आयुष्य नाही गेलं," काकू म्हणाल्या. त्या अशा वाक्यांमधली चूक तशीच सोडत नसत. "नकुलच्या तबल्याच्या वेळी तुम्ही कुठं गेला होतात मागे?"

काकांनी मान वर केली.

नकुल मंडळातला सॉफ्टवेअरवाला तरुण. दोन वर्षांपूर्वी त्यानं गणपतीत तबला सोलो वाजवला होता. तबला एकटा वाजतो तेव्हा पेटीवाला त्याला लेहरा धरतो. तालाच्या एका आवर्तनाएवढी एकच ओळ, पुन्हा पुन्हा, तीच, तशीच. तबलेवाला तिच्याभोवती वाटेल ती उलथापालथ करतो. पेटीवाला डगमगला की दोघंही बुडाले.

"पोरगा घामानं निथळत होता," काकू म्हणाल्या. "तुम्हाला हलवायला त्यानं काय काय केलं! आडवं वाजवलं, तिरकं वाजवलं, समेच्या तोंडाशी आणून हुलकावणी दिली. आणि तुम्ही पाटावरच्या गणपतीसारखे ढिम्म. मी तेव्हाच म्हटलं होतं, या माणसाला हलायचं नसलं की हलत नाही. लग्नापासून अनुभव आहे."

काकांनी बेसचा कागद पुढे ओढला. मग म्हणाले, "म्हणजे ते गाणारे नव्हेत. ते तबला आहेत."

"मला तुमच्यातलं कळत नाही. पण हे सा-प-सा-प गाण्यासारखं नाही, असं तुम्हीच रोज ओरडता. मग ते गाणं नसेलच. खुंटी असेल. बाकीच्यांनी तिच्यावर कपडे टांगायचे."

"म्हण परत," काका म्हणाले.

काकूंनी पोळी तव्यावर टाकली आणि चाल धरली. काकांनी ओठांकडे बघायचं टाळलं, तव्याकडे बघितलं. मान सरळ ठेवली. बोटांनी टेबलावर एकेक सूर दाबत राहिले. सा. प. सा. प. काकूंची चाल वर गेली, वळली, लाडात आली, काका जागेवर. आणि पहिल्यांदाच त्यांना ऐकू आलं, आपण न हलल्यामुळे तिची चाल किती उंच गेल्यासारखी वाटते ते. पोळी करपली. कडवं पूर्ण झालं.

गुरुवारी तालमीत मेळ्यानं ते गाणं तीनदा म्हटलं. दोनदा काका खुंटीसारखे उभे राहिले. तिसऱ्यांदा, तिसऱ्या कडव्यात, जिथं मुख्य चाल वरच्या षड्जावर जाऊन थांबते आणि बेसना एकटं खाली उतरायचं असतं, तिथं ते पाऊलभर घसरले. मार्लिसबाईंनी पेन्सिल कानामागे खोचली आणि त्यांच्याकडे पाहत राहिल्या.

"रविवारी उभे राहा," त्या म्हणाल्या. "पण ती जागा."

"ती जागा," काका म्हणाले.

उत्सवाच्या दिवशी ऊन पडलं होतं, मेपलची झाडं लाल झाली होती आणि मोठ्या पांढऱ्या तंबूत सॉसेजचा वास भरला होता. वसुधाकाकूंनी बटाट्याची थालीपिठंच म्हणावीत अशी पॅनकेक्स सफरचंदाच्या गोड चटणीबरोबर खाल्ली आणि "याला हिरवी मिरची लागते" असा निकाल दिला. मग बॅंडनं एक जुनं श्लागर धरलं तेव्हा त्या पूर्ण टेबलाबरोबर हातात हात अडकवून डुलल्या. अनया शेजारी तोंड झाकून बसली होती. काकांना यातलं काही दिसत नव्हतं. ते तंबूच्या मागे लाल जाकीट घालून उभे होते आणि मांडीवर बोटं दाबत होते.

मेळा मंचावर चढला. मार्लिसबाईंनी हात उचलला.

पहिलं कडवं सरळ गेलं. दुसऱ्यात वरचे आवाज काकांच्या डोक्यावरून पतंगासारखे भिरभिरले. काकांनी दोरी सोडली नाही. तिसरं सुरू झालं. ती जागा आता दोन ओळींवर होती, आणि नेमकी तेव्हाच पुढच्या बाकावर डेलची पणती आपल्या आजीच्या मांडीवर उभी राहिली. वर्षाची असेल नसेल. तिनं मंचावर डेलला पाहिलं आणि दोन्ही हात त्याच्याकडे पसरले.

डेलचा आवाज बंद पडला. काकांना तो बंद पडलेला उजव्या कानाला स्पष्ट कळला. बेसची रांग डेलवर विसंबून असे, तीही डळमळली. चाल वरच्या षड्जावर पोचून थांबली, गोड, लखलखीत, या म्हणून बोलावणारी. चंद्रशेखर मोडकांनी मान सरळ ठेवली आणि एकटे खाली उतरले. एक पायरी, दुसरी, तिसरी. खाली पोचले आणि तिथं उभे राहिले.

मग त्यांना उजवीकडे काहीतरी जाणवलं. डेलनं मान तिरकी केली होती. तो काकांच्या ओठांकडे बघत होता. त्याचा मोठा, भरड आवाज चाचपडत आला, काकांच्या सुराला लागला आणि त्याला धरून उभा राहिला. मागून बाकीचे बेस आले. काकांच्या आयुष्यात आजवर असं कधी झालं नव्हतं, की कुणी त्यांच्या ओठांकडे बघून सूर धरावा. अंगावर काटा आला. पण हलायचं नव्हतं, म्हणून ते हलले नाहीत. कारागीर वेशीबाहेर गेला, मुलगी मागे राहिली, शेवटचा सूर तंबूच्या छपराला लागून विझला.

"व्वा!" वसुधाकाकू ओरडल्या. या खेपेला कुणी मान वळवली नाही. सगळे टाळ्या वाजवत होते.

खाली उतरल्यावर डेलनं पणतीला काखेत घेतलं आणि मोकळ्या हातानं काकांच्या पाठीत एक थाप मारली, गाईला मारावी तशी. "मी तिथं बुडालो होतो," तो म्हणाला.

"मी होतो ना," काका म्हणाले, आणि आपणच हे बोललो याचं त्यांना नवल वाटलं.

मार्लिसबाई आल्या. मिनेसोटात माणसाचं तोंडावर कौतुक करत नाहीत. पुण्यातही करत नाहीत, त्यामुळे काकांना तयारी होती.

"वाईट नव्हतं," त्या म्हणाल्या. "ख्रिसमसच्या गाण्यांत बेस आणखी खाली जातो. डिसेंबरपर्यंत घसा सांभाळा. बर्फाचं पाणी नको, आईस्क्रीम नको."

"आईस्क्रीम?" काकांचा चेहरा पडला. हातात नुकताच घेतलेला कोन होता.

वसुधाकाकूंनी तो त्यांच्या हातातून शांतपणे काढून घेतला, अनयाला दिला, आणि मार्लिसबाईंना विचारलं, "आणि रात्री मिठाच्या गुळण्या चालतील ना?"

"चालतील," मार्लिसबाई म्हणाल्या. "रोज."